वाढत्या अंगाचे पॅड

माझ्या भाचीला सायकलसाठी गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड घ्यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. कोपर हा शब्द तिला येत नव्हता. ती त्याला ‘हाताचा गुडघा’ म्हणायची. तेरा वर्षांची, हैदराबादेत जन्मलेली, मराठी वाचायला दिलं की अक्षरांवर बोट ठेवून अडखळणारी मुलगी. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू यायला हवं होतं. तिची आई असती तर हसून लोळली असती. मी नुसतं ‘कोपर’ म्हणाले आणि कुकर लावायला गेले.

तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. आदल्या उन्हाळ्यात तिला ताप आला, दवाखाने झाले, तपासण्या झाल्या, आणि आजाराला नाव पडेपर्यंत ती गेलेली होती. माझ्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा बडबडी, आणि घरातली एकटीच जिला कुणाशी भांडल्यावर आधी बोलायला जाताना कमीपणा वाटायचा नाही.

मी वकील आहे. चिक्कडपल्लीत वडिलांनी घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांची उलटतपासणी घेते. आमच्याकडे आजोबांपासून वकिली चालत आलेली. म्हणजे प्रश्न विचारून पोट भरणारं घर. उत्तरं द्यायची सवय कुणालाच नाही.

बहीण गेल्यावर मी रडले नाही. भेटायला येणाऱ्यांना चहा केला, कुणाला बिनसाखरेचा लागतो तेही लक्षात ठेवलं. दाढ काढताना सुई दिली की नंतर आपलाच ओठ चाचपताना तो दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं सगळंच झालं होतं. दुखत नाही, अशी तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? काम उलट चांगलं होत होतं. कोर्टातले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘‘फार लवकर सावरलात हो तुम्ही.’’ एरवी मी त्यांना असं उत्तर दिलं असतं की ते आठवडाभर कँटीनकडे फिरकले नसते. त्या दिवशी मी थँक यू म्हणाले.

मावशीबद्दल आपल्याकडे एक म्हण आहे. ती म्हण बऱ्याच बायकांनी मला त्या दिवसांत ऐकवली, तीही पोरीच्या देखत, कौतुकानं. मी ती इथे लिहिणार नाही. जिनं कुणी ती पहिल्यांदा तोंडातून काढली तिची आई तेव्हा धडधाकट असणार.

मेहुणे मूळचे पुण्याचे, आयटीतले. बायको गेल्यावर त्यांना ते राहतं घर खायला उठायला लागलं. दसरा झाल्यावर ते पुण्याला बदली करून आपल्या आईवडिलांकडे गेले. पोरीचं वर्ष मोडू नये म्हणून ती माझ्याकडेच राहिली. शाळा सुरू झाली तेव्हापासून ती माझ्याकडेच झोपत होती. ‘वर्षापुरती’ हा शब्द तेव्हा कुणी वापरला ते मला आठवत नाही. बहुतेक मीच.

मार्च उजाडला तेव्हा प्रश्न अगदी सरळ होता. जूनपासून तिनं पुण्याला आजी-आजोबांकडे राहायचं की इथे माझ्याकडे. पुण्याच्या शाळेत जागा धरून ठेवलेली होती आणि महिनाअखेर काय ते कळवायचं होतं. मेहुणे फोनवर विचारायचे, ‘‘ताई, तिचं काय करायचं?’’ मी म्हणायचे, ‘‘तिला विचारा. मला काय, कसंही चालेल.’’ ते तिला विचारायचे. ती म्हणायची, ‘‘मौशीला विचारा.’’ अशी आमची टोलवाटोलवी चालली होती. मेहुण्यांचा स्वभाव भला. भल्या माणसांचा वैताग असा की ती कधी आपल्या वतीनं ठरवून टाकत नाहीत.

सायकल त्यांनीच पाठवली होती, वाढदिवसाला. डोंगरावर चालवायची, जाड टायरची, पुढे स्प्रिंगा असलेली. तिसऱ्या मजल्यावर ती चढवताना वॉचमननं मला जे काही ऐकवलं ते मी निमूट ऐकून घेतलं. शहराबाहेर दगडांची एक टेकडी आहे. तिथे रविवारी सकाळी एक क्लब मुलांना उतारावर सायकल शिकवतो. भाची एका मैत्रिणीबरोबर, त्या मैत्रिणीच्या वडिलांच्या गाडीतून जायची. एकदा मीही गेले. आपल्याकडचे ते गोल, काळे, एकावर एक ठेवल्यासारखे धोंडे, आणि त्यांच्या मधून हातभर रुंदीची वाट. पोरं त्या वाटेनं खाली येतात. भाची आली. मध्यावर तिचं पुढचं चाक अडलं आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली.

माझ्या पोटात गोळा यायला हवा होता. मी उभी होते आणि वाट पाहत होते, की आता येईल. आला नाही. ती उठली, कपडे झटकले, माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली पुढे केली.

शिकवणाऱ्या बाईंनी तिचे गुडघे पाहिले. क्लबचे उसने पॅड होते म्हणून निभावलं. ‘‘मॅडम, पुढच्या वेळेपासून स्वतःचे आणा,’’ त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘उसन्यांवर मोठा उतार देत नाही आम्ही.’’ परत येताना गाडीत भाची म्हणाली, ‘‘मौशी, त्या पॅडांना पूरा दुसऱ्यांच्या घामाचा वास येतो.’’ म्हटलं, घेऊ.

मी एखादी केस वाचावी तसं ते सगळं वाचून काढलं. कडक वाटीचे पॅड असतात. दगडावर आपटले तर घसरतात आणि मार वाचवतात, पण चढावर पायडल मारताना मांडीला काचतात. मऊ असतात ते मोज्यासारखे पायातून चढवायचे, हलके, पण एकदा बूट घातले की काढता येत नाहीत. पट्ट्यांचे असतात. पोटरीपर्यंत येणारे असतात. घामाचं काय, जाळी कुठे असावी, कोपराला वेगळं माप का लागतं, सगळं मला येत होतं. भाची गादीवर पडून माझ्या मागून फोनमध्ये डोकावत होती. ‘‘मौशी, तू तर पूरी तयारी करून राहिलीस,’’ ती म्हणाली. तेवढंच मला जमत होतं त्या दिवसांत.

शनिवारी आधी नारायणगुड्याला गेलो, आमच्या जुन्या दुकानात. आम्हा दोघी बहिणींच्या बॅडमिंटनच्या रॅकेटी तिथल्याच. शेठनी स्केटिंगचे पॅड काढून दिले, गुलाबी, वर फुलपाखरू. मी म्हटलं, हे सायकलचे नाहीत. तर म्हणाले, ‘‘अम्मा, स्केटिंग रहो की सैकिल रहो, गिरे तो घुटनाच फूटता ना!’’ त्यांच्या हिंदीतला तो ‘च’ आपला आहे. कधी काळी नेला तो परत दिलेला नाही. भाचीनं पॅड चढवून फरशीवर गुडघे टेकले, तर वाटी फिरून बाजूला गेली. ‘‘नक्को,’’ ती म्हणाली. शेठना वाईट वाटलं असावं. त्यांनी तिच्या आईची चौकशी केली नाही, यावरून कळलं की त्यांना कळलेलं आहे.

मग मेट्रो बदलत बदलत हायटेक सिटीकडच्या मोठ्या दुकानात गेलो. काचेचं, गार, एका भिंतीवर नुसते पॅड. विक्रेता तरुण होता, चाळिशीच्या आतला, बोलायला नम्र, आणि टेप घेऊन आला. भाची मागे सरली. मग टेप मी घेतला.

गुडघ्याच्या वर वीतभर, मांडीचा घेर. गुडघ्याखाली, पोटरीचा. दंडाचा आणि कोपराखालचा. मी फरशीवर उकिडवी बसले आणि ती बाकावर. एवढ्या महिन्यांत मी तिला हात लावला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. वेण्या ती आपल्या आपण घालायची. ताप आला तर मी थर्मामीटर द्यायचे. मांडी लहान मुलीची राहिली नव्हती. पाय लांब झाले होते, गुडघे मोठे दिसत होते. तिनं पाय अगदी ताठ धरला होता. मी माप मोठ्यानं सांगितलं आणि विक्रेत्यानं तक्ता पाहिला.

‘‘बॉर्डर पे है, मेडम,’’ तो म्हणाला. ‘‘स्मॉल बी आता, मीडियम बी.’’

‘‘मीडियम,’’ मी म्हणाले. विचार करून नाही. ‘‘वाढत्या अंगाचे घेऊ.’’

हे आमच्या घरात रक्तातच आहे. आई आमचे गणवेश शिंप्याकडून ‘वाढत्या अंगाचे’ शिवून घ्यायची. खाली चार बोटं दुमडलेली, दर वर्षी एक एक उसवायची. बुटांच्या पुढे कापूस. माझ्या बहिणीचा तर मापाचा असा एकही फ्रॉक मला आठवत नाही; एक तर माझा उतरलेला, नाही तर पुढच्या वर्षीचा. मापाचे कपडे आई फक्त दुसऱ्यांच्या मुलांना घ्यायची. वाढदिवसाला द्यायचा तो फ्रॉक आज अंगावर छान दिसला पाहिजे, उद्याचं त्यांच्या घरचे बघतील. आपल्या पोराला मात्र सैल. त्याच्या उद्याचं आपल्यालाच बघायचंय ना.

विक्रेत्यानं मान हलवली. ‘‘लूज नक्को मेडम. गिरे तो नीचे सरक जाता. फिर पैना तो बी क्या, नै पैना तो बी क्या.’’ मीही हेच वाचलं होतं. तोंडातून मात्र आईच बाहेर पडली होती. तरी भाचीनं मीडियम चढवले, उठाबशा काढल्या, बाकाच्या कडेला गुडघा जोरात घासला. पॅड पोटरीवर उतरला आणि गुडघा उघडा पडला. मग स्मॉल. तेच केलं. जागचा हलला नाही. मऊ मोज्यासारखाच होता, कोपराचेही तसेच. काचतंय का विचारलं तर म्हणाली, नाही.

‘‘मग स्मॉलच द्या,’’ मी म्हणाले. ‘‘दोन्ही.’’

विक्रेता खोके आणायला गेला. भाची बाकावर बसून पॅड उतरवायला लागली. उतरेनात. ती ओढत होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती.

‘‘म्हणजे मी जाणार आहे ना?’’ ती म्हणाली.

‘‘कुठे?’’

‘‘पुण्याला.’’

‘‘कोण म्हणालं?’’

‘‘तू माझं सगळं मोठं घेतलीस. युनिफॉर्म मोठा घेतलीस. रेनकोट मोठा घेतलीस, पूरा पायापर्यंत येतो, पोरी हसतात. सँडल मोठी घेतलीस. मी काय बोलले नाही. मला वाटलं, मोठं घेतली म्हणजे ठेवून घेणार.’’ ती एका दमात बोलत होती, पॅडशी झटापट करत. ‘‘आता हे बरोबर मापाचं घेतलीस. एवढ्या वर्षापुरतं.’’

वीस-पंचवीस वर्षं मी साक्षीदारांना बोलतं करत आले आहे. तो रेनकोट मी सवयीनं घेतला होता, दुकानातून ऑटोत बसेपर्यंत विसरले होते. आणि ही मुलगी तेव्हापासून एकेक वस्तू मनात मांडून ठेवत होती, बाह्या किती लांब आहेत, सँडल किती सैल आहे, आणि त्यावरून माझ्या घरात आपली जागा किती ते काढत होती. कारण तिनं सरळ विचारलं असतं तर मी म्हणाले असते, कसंही चालेल. फोनवर म्हणतच होते. ती पलीकडच्या खोलीत असायची आणि आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत.

मला राग आला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी आलं, तर तो राग. ‘‘अगं, वेडी आहेस का? हे काय फ्रॉक आहेत? सैल घेतले तर पडल्यावर सरकतील. गुडघा फुटेल तुझा.’’

‘‘फुटू दे.’’

‘‘फुटू दे काय? आत्ता बघितलंस ना, कसा खाली आला तो?’’

‘‘मला मीडियम दे, मौशी.’’ तिनं खोके घेऊन आलेल्या त्या माणसाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘‘मी हल्लू पडेन.’’

मी अजून फरशीवरच बसलेली होते, हातात टेप. हल्लू पडेन. जी मुलगी त्या धोंड्यांवरून हँडल ओलांडून पडली होती आणि उठून माझ्याकडे पाहत उभी राहिली होती, ती सांगत होती की मी जपून पडेन, तुला त्रास देणार नाही, फक्त मोठ्या मापाचं घे.

‘‘स्मॉलच घ्यायचे,’’ मी म्हणाले. ‘‘हे तुला वर्षभरात होईनासे होतील. पाय बघ केवढे झालेत. मग आपण दोघी परत इथेच येऊ आणि मीडियम घेऊ. त्याच्या पुढच्या वर्षी लार्ज.’’

ती माझ्याकडे बघायला लागली. अशी नजर मला ओळखीची आहे. साक्षीदार खरं बोलतोय का ते बघणारी. आमच्याच घरातली.

‘‘बाबांना कोण सांगणार?’’

‘‘मी. आजच.’’

‘‘तुला चालेल?’’

‘‘चालेल काय?’’ मी म्हणाले. ‘‘मला तू हवी आहेस. मला तुझ्याशिवाय त्या घरात राहवणार नाही. तुला राहायचंय का, ते सांग.’’

विक्रेता खोक्यांवरचं बारीक काहीतरी वाचण्यात अचानक गुंग झाला होता. भाचीनं मान हलवली, मग एकदा परत हलवली, आणि म्हणाली, ‘‘हौ.’’

पॅड तिनं काढलेच नाहीत. रिकामी खोकी मी पिशवीत घेतली. मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवरून मी पुण्याला फोन लावला आणि मधे श्वास न घेता सांगून टाकलं, ती इथेच राहू दे, ती राहायचं म्हणतेय, आणि मलाही ती हवी आहे. मेहुणे म्हणाले, ‘‘ताई, तुम्हाला ओझं होतंय असं वाटत होतं मला. म्हणून तिकडे शाळा बघून ठेवली.’’ मग म्हणाले, ‘‘सुट्टीत येईल ना पण माझ्याकडे?’’ म्हटलं, येईल, मी स्वतः आणून सोडेन. ते रडत असावेत. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय हे कळलं.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. समोरच्या बाकावरचं एक आख्खं कुटुंब तिच्या काळ्या गुडघ्यांकडे आणि कोपरांकडे पाहत होतं. ती खुशाल हात दुमडून आणि पाय पसरून बसली होती. खोक्यावरचं इंग्रजी ती मला वाचून दाखवायला लागली. आतला तो फोम म्हणे एरवी मऊ असतो, दाबला तर बोट आत जातं. पण जोरात मार बसला की त्याच क्षणी कडक होतो.

‘‘मार ना, मौशी,’’ ती म्हणाली.

‘‘इथे?’’

‘‘हौ. जोरात मार. मला कायच कळणार नाही, बघ तू.’’

मी मूठ वळली आणि तिच्या गुडघ्यावर मारली. कडक म्हणजे दगडच. तिला खरंच काही कळलं नाही, ती दात काढत माझ्याकडे बघत होती. मग तिनं माझा हात पाहिला.

‘‘लागलं तुला?’’

बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत कळ आली होती. तिच्या आईचं नाव माझ्या तोंडात आलं, आणि ते मी गिळलं नाही, मोठ्यानं घेतलं. ‘‘लागलं,’’ मी म्हणाले, ‘‘खूप लागलं गं,’’ आणि त्या समोरच्या कुटुंबासमोर, भर दुपारी, पदर तोंडाला न लावता मी रडायला लागले.